जेली पाम: लावणीपासून बरणीपर्यंतची तयारी

रोप आणण्याआधी खड्डा खणा. फूटभर खोल खणून पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा आणि पट्टी लावून मोजा. तासाला किमान २-३ सेंटिमीटर पाणी उतरलं तर जागा चालेल. नाहीतर भरड वाळू मिसळलेल्या मातीचा गुडघाभर उंचवटा करून त्यावर लावायची तयारी ठेवा. जेली पाम, म्हणजे ब्युटिया ओडोराटा, मूळचा दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेचा. मुळं धरलेलं मोठं झाड कोरड्या थंडीत उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तग धरतं; ओल्या थंडीत मात्र त्याहून कमी गारठ्यातही दगावू शकतं. जागा दिवसभर उन्हाची हवी. झावळ्यांचा पसारा चारेक मीटर होतो आणि देठांच्या कडांना काटे असतात, म्हणून पायवाट लांब ठेवा.

रोपावरच्या चिठ्ठीवर ‘ब्युटिया कॅपिटाटा’ लिहिलेलं असलं तर बिचकू नका. वर्षानुवर्षं याच नावाने ओडोराटा विकला गेला आहे. खरा कॅपिटाटा ब्राझीलच्या आतल्या उष्ण भागातला, थंडीला नाजूक. निळसर राखाडी, कमानीसारख्या मागे वळलेल्या झावळ्या पाहा आणि बी कुठल्या झाडाचं हे विचारा.

बियांपासून करायचं तर धीर हीच मुख्य सामग्री. नारळासारखे तीन डोळे असलेल्या टणक कवचात एक ते तीन बिया असतात. अख्खं कवच पेरलं तर कोंब यायला सहा महिने ते दोन वर्षंही लागतात. गर पूर्ण काढून, कवच वाळवून, शिकंज्यात हळूहळू आवळून फोडलं आणि बिया ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ३०-३५ अंशांवर ठेवल्या तर काम लवकर होतं. हातोडीने बी चेंगरतं, आणि चेंगरलेल्या बीला बुरशी लागतेच. कुंडी उथळ नको. जनावरं फिरत असतील तर जाळी आधीच आणून ठेवा: उरुग्वेतल्या रोचा भागात म्हाताऱ्या झाडांची बनं उभी आहेत, पण गुरं रोपं खातात म्हणून नवी झाडं फारशी तगत नाहीत.

लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल आणि दुप्पट रुंद घ्या. मान, म्हणजे खोड आणि मुळं मिळतात तो भाग, मातीखाली गाडू नका, आच्छादनही बुंध्याला टेकवू नका. पहिली दोन वर्षं खोल पाणी द्या, पुढचं पाणी वरची माती सुकल्यावर. खत मंद विरघळणारं, नत्र ८, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ अशा प्रमाणाचं, वाढीच्या हंगामात. जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसले की पालाश कमी पडतंय. अशा झावळ्या कापू नका, कारण झाड त्यांच्यातलंच पालाश नव्या पानांना पुरवत असतं. नवं पान आखूड, चुरगळलेलं निघालं तर मँगनीज कमी, आणि ते बहुधा चुनखडीच्या जमिनीत.

लहान रोपासाठी उणे ५ अंशांच्या आधीच कापडी आवरण हाताशी असू द्या. प्लास्टिक अंगाला चिकटून राहिलं तर आत दव साचतं आणि शेंडा कुजतो. थंडी ओसरल्यावर मधलं न उमललेलं पान चिमटीत धरून हलकेच ओढा. घट्ट असेल तर ठीक. हातात सुटून आलं आणि बुडाशी तपकिरी, आंबूस वास असेल तर कुजलेला भाग काढा, ताम्रयुक्त बुरशीनाशक टाका आणि पाऊस आत जाणार नाही असं छत करा. झाडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो वाचला तर महिन्यांनी पुन्हा पान येतं, नाहीतर झाड गेलंच.

फळासाठी आठ-दहा वर्षं, कधी जास्तही थांबावं लागतं. एका तुऱ्यावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, पण सहसा नर आधी उमलतात, म्हणून जवळ दुसरं झाड असलं तर फळधारणा बरी होते. पिकलेली फळं आपोआप गळतात. पहिली चार-पाच पडली की घडाखाली चादर अंथरा, किंवा घड कापून सावलीत टांगा. खोलीत दोन-तीन दिवसांतच ती आंबू लागतात, म्हणून बरणी आणि साखर त्याआधी हवी.

नुसतं खाताना अननस-जर्दाळूसारखा रस चोखायचा आणि चोथा टाकायचा. जेलीसाठी फळं बुडतील एवढ्याच पाण्यात अर्धा-पाऊण तास शिजवा, घोटा आणि कापडात बांधून रात्रभर टांगा. पिळू नका, जेली गढूळ होते. रसाच्या पाऊणपट साखर घालून १०४-१०५ अंशांपर्यंत उकळा. गार बशीवर टाकलेला थेंब बोटाने ढकलल्यावर सुरकुतला की उतरवा. फळांत जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं, तरी मूठभर अर्धपिकी घातली तर जेली हमखास धरते. उरुग्वेत हीच फळं उसाच्या दारूत मुरवतात. कवचं फेकू नका: आतला तेलकट गर खाता येतो, आणि सर्वांत गोड घडाची कवचं पेरायला ठेवायची असतात.