घाटातली दरड रोखताना या चुका टाळा

दरडीत दगड-माती दिसते, पण तिला लोटतं पाणी. म्हणून संरक्षक भिंत पाहताना मी आधी तिच्या पाठीमागे काय भरलंय ते विचारतो. तिथे खडी-गोट्यांचा थर हवा, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड हवं. तरच पाणी उतरून भिंतीतल्या भोकांवाटे निघून जातं. पण बहुतेक ठिकाणी खोदाईतलाच लाल मुरूम मागे लोटलेला असतो, कारण तो जागेवर फुकट मिळतो.

कोकणातल्या एका घाटात मेअखेर अशीच भिंत उरकली. भोकांतल्या पाइपांची तोंडं बाहेरून अगदी एका ओळीत. जुलैच्या झडीत अख्खा डोंगर पाझरत होता आणि या भिंतीचं एकही भोक ठिबकत नव्हतं. मुकादम खूश, "भिंत कोरडी आहे साहेब!" म्हणजे पाणी मागेच साठत होतं; मी लगेच त्या बाजूची वाहतूक थांबवायला लावली. संध्याकाळी भिंतीला पोट आलं, रात्रीत ती रस्त्यावर आडवी झाली. पाइप फोडले तर आत चिकणमाती ठासलेली. पावसाळ्याआधी प्रत्येक भोकात सळई घालून बघा आणि मागचा भराव होताना स्वतः उभे राहा. फोटोवर भागवू नका.

दुसरी चूक पायथा खणण्याची. दरड आली की जेसीबी लावून सगळी माती उचलायची घाई होते. तीच माती वरच्या डोंगराला टेकू देत असते; ती काढली की वरचं खाली येतं. आधी वर जाऊन ताज्या भेगा बघा, मगच बकेट लावा. रुंदीकरणात उभा काप घेणाऱ्यांचंही तेच. 2022च्या पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरचा परशुराम घाट दरडींमुळे बंद ठेवावा लागला, तरी घाटात उतारावर पायऱ्या न सोडता कापायचा मोह सुटत नाही.

डोंगराच्या कापावर लावलेली लोखंडी जाळी सुटे धोंडे धरते, सरकता डोंगर नाही. आणि लोंबते धोंडे आधी पहारीने पाडल्याशिवाय ती लावूच नये.

बेसॉल्टच्या थरांमधला लाल मातीचा पट्टा झिजला की वरचा कातळ अधांतरी राहतो. तो पट्टा काँक्रीट फवारून झाकायचा असेल तर पाण्याला भोकं ठेवून.

उतारावर वाळ्याचं गवत लावा, जरूर लावा, पण जूनच्या पहिल्या पावसात. ते वरची माती धरतं, खोलवरची घसरण नाही.

माथ्यावरचं गटार पक्कं बांधा आणि मेमध्ये उपसा. कच्चा चर तिथेच पाणी मुरवतो.