मोटरहोममध्ये कायमचे राहताना मांजर सुरक्षित कसे ठेवावे

अमेरिकेत घरदार आवरून मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सगळी सोय असलेल्या मोठ्या गाडीत, कायमचे राहायला निघणाऱ्यांना मांजराविषयी जो सल्ला मिळतो, तो बहुधा बाहेरच्या धोक्यांचा असतो: कायोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखा जंगली प्राणी), घुबडे, साप, महामार्ग. ही भीती खोटी नाही. परंतु ज्या मांजराला मोकळे सोडायचेच नाही, त्याला मोठा धोका गाडीच्या आतच असतो. या घराच्या भिंती सरकतात, कपाटांमागे मांजर मावेल एवढी भोके असतात, आणि घाबरलेले मांजर नेमके त्याच भोकात शिरते. म्हणून गाडीचा कोणताही भाग हलण्यापूर्वी मांजर कॅरिअरमध्ये, म्हणजे त्याला नेण्याच्या दार असलेल्या पेटीत, असले पाहिजे, आणि शक्यतो ते स्वतःच्या पायांनी तिथे गेलेले असले पाहिजे. आम्ही दोघे, मनी नावाची मांजरी आणि बंडू नावाचा बोका असे हिवाळ्यात ॲरिझोनात आणि उन्हाळ्यात कोलोरॅडोच्या डोंगरांत राहतो. पुढे लिहिलेले सारे आम्ही रोज पाळतो.

कागदपत्रे आणि मायक्रोचिप

लसीकरण आणि नसबंदी झालेली आहे असे मी गृहीत धरते. मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नव्हे. तिच्यात फक्त एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकापुढे नोंदवलेला तुमचा फोन बदललेला असेल तर ती निरुपयोगी ठरते. रेबीजच्या लसीचा मूळ दाखला गाडीतच ठेवावा. कॅनडात शिरताना तीन महिन्यांहून मोठ्या मांजरासाठी तो मागितला जातो.

भोके बुजवणे

हातात टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडावे आणि मांजराच्या उंचीवरून सगळी गाडी पाहावी. बेसिनखाली नळ जिथे फरशीतून खाली जातात ती जागा, खणांच्या मागची पोकळी, पलंगाखालचा कोपरा, डॅशबोर्डखाली पेडलांच्या वरची मोकळी जागा, आणि फर्नेसची (गाडी गरम ठेवणाऱ्या भट्टीची) जमिनीतली झाकणे, जी मांजर नखांनी सहज उचकटते. प्लायवूड आणि स्क्रू वापरावेत. फोम काही दिवसांत कुरतडला जातो. मात्र फर्नेसला हवा जिथून मिळते तिथे आणि फ्रीजच्या मागे फळी ठोकू नये. तिथे बारीक तारेची जाळीच लावावी, नाहीतर मांजराला वाचवता वाचवता आग लागण्याची सोय होईल.

स्लाइड-आउट

बटण दाबताच गाडीच्या बाहेर सरकणारी खोली राहण्यासाठी सुखाची आहे, पण मांजराच्या दृष्टीने तिच्याइतकी धोक्याची जागा गाडीत दुसरी नाही. ती आत येते तेव्हा तिच्या खालची आणि मागची पोकळी बंद होते. अडथळा आला की मोटर आपोआप थांबेल यावर कोणीही विसंबू नये; मांजराच्या शरीराचा विरोध त्या यंत्राला जाणवेलच असे नाही.

‘आवाज झाला की मांजर आपसूक लांब पळते’ असे अनुभवी म्हणवणारे लोकही सांगतात. हे धोकादायक आहे. मांजर पळते हे खरे, पण ते लपायला पळते, आणि लपण्याची सर्वांत अंधारी जागा त्या खोलीच्या खालीच असते. खाऊचा डबा वाजवून पाहणे हीसुद्धा खात्री नव्हे, कारण घाबरलेले मांजर डब्याला ओ देत नाही. आमच्याकडे गाडीची आणि स्लाइडची किल्ली एकाच कडीत असते, आणि ती कडी मनीच्या कॅरिअरच्या मुठीला अडकवलेली असते. त्यामुळे किल्ली घ्यायला हात घालणाऱ्याला दोन्ही कॅरिअरमध्ये डोकावल्यावाचून गत्यंतर नसते. तरीही आम्ही मोठ्याने ‘मनी आत, बंडू आत’ असे म्हणतो, दुसऱ्याने तेच म्हणेपर्यंत थांबतो, आणि मगच बटण दाबतो.

मांजर कॅरिअरमध्ये आपणहून जाईल असे करणे

हा टप्पा आम्हाला सर्वाधिक जड गेला, आणि इथेच बहुतेक लोक हात टेकतात. मग ते मांजराला गाडीत मोकळे सोडतात किंवा निघायच्या वेळी धरून कोंबतात. मोकळे मांजर ब्रेकच्या पेडलाखाली शिरते, आणि जोरात ब्रेक लागला की ते पुढच्या काचेवर फेकले जाते. कोंबलेले मांजर पुढच्या वेळी कॅरिअर दिसताच भोकात शिरते, म्हणजे ज्या संकटातून सुटायचे तेच आपण स्वतःच्या हाताने वाढवतो.

कॅरिअर कडक बांधणीचा, समोरून आणि वरून उघडणारा, आणि प्रत्येक मांजराला वेगळा घ्यावा. व्हर्जिनियातील सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था अपघाताच्या चाचण्या करून उत्तीर्ण कॅरिअरची यादी प्रसिद्ध करते. ती पाहूनच खरेदी करावी. तो उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे बाकाच्या सीटबेल्टला बांधून कायमचा तिथेच ठेवावा. फक्त प्रवासाच्या दिवशी बाहेर निघणारा कॅरिअर मांजराला कधीच आपला वाटत नाही.

निघण्याच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करावी. ‘तीन दिवसांत सवय होते’ हा सल्ला देणाऱ्याने भित्रे मांजर पाळलेले नसावे. सुरुवातीला वरचे झाकण काढून टाकावे, आणि जेवणाची वाटी आधी कॅरिअरच्या शेजारी, मग दाराशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवावी. मनी अनेक आठवडे पुढचे दोन पाय आत टाकायची, मागचे दोन सतरंजीवर घट्ट रोवून ठेवायची, आणि अंग रबरासारखे लांबवून उकडलेल्या चिकनचा तुकडा ओठांच्या टोकाने उचलून मागे सरकायची. या अवस्थेत तिला मागून हलकासा हातही लावू नये. ज्या दिवशी मागचे पाय आत जातील त्या दिवशीसुद्धा दार लावू नये. ते आठवडाभर तसेच जाऊ द्यावे, मग झाकण बसवावे, मग दार क्षणभर लोटून लगेच उघडावे, आणि बंद राहण्याचा वेळ मांजर आत अंग चाटत बसेल इतका शांतपणे वाढवावा.

त्यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. मांजर आत बसलेले असताना गाडी जागची न हलवता नुसते इंजिन सुरू करावे, दुसऱ्या दिवशी स्लाइड आत-बाहेर करावी, आणि त्यानंतर कॅम्पग्राउंडमध्येच (गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावरच) एक फेरी मारून परत त्याच जागी यावे. दार लागले म्हणजे प्रवास, हे समीकरण मांजराच्या मनात बसूच द्यायचे नाही. म्हणून प्रवास नसलेल्या दिवशीही आठवड्यातून दोनतीनदा दार लावून, खाऊ देऊन उघडावे, आणि रोजचे रात्रीचे जेवण कायम कॅरिअरमध्येच वाढावे. प्रवासाच्या सकाळी मात्र पोट हलके असलेले बरे. भरल्या पोटी मांजर ओकते, आणि मग त्या जागेचाच तिटकारा धरते.

एवढे करूनही काही मांजरे गाडी चालू होताच लाळ गाळतात, सतत ओरडतात. त्यांच्यासाठी पशुवैद्याकडे औषधे आहेत. गॅबापेंटिन पूर्वीपासून दिले जाते, आणि प्रवासाच्या भीतीवरचे प्रीगॅबालिनचे पातळ औषध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये खास मांजरांसाठी मंजूर केले. ते निघण्याच्या सुमारे दीड तास आधी तोंडाने देतात. पशुवैद्याला विचारून पहिला डोस प्रवास नसलेल्या दिवशी देऊन पाहावा. माणसांच्या डब्यातली गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आपल्या मराठी घरांत क्रोसिन हाताशीच असते, म्हणून हे ठळकपणे सांगते.

उष्णता

बाहेर २२ अंश सेल्सिअसचे सुखद ऊन असतानाही बंद मोटारीतले तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी वाढते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. मोटरहोमच्या भिंतींना आच्छादन असते, त्यामुळे वेग कमी होतो इतकेच. एसी चालू ठेवून निर्धास्तपणे बाहेर जाणे हा मोठा जुगार आहे, कारण कॅम्पग्राउंडची वीज जाते, आणि ३० अँपिअरच्या जोडणीवर एसीच्या जोडीला मायक्रोवेव्ह आणि गीझर लागला की ब्रेकर पडतो. सिमकार्डावर चालणारा आणि स्वतःची बॅटरी असलेला तापमापक लावावा. वायफायवर चालणारा घेऊ नये, कारण वीज गेली की राउटरही बंद पडतो आणि इशारा नेमका हवा तेव्हाच येत नाही. जनरेटर असेल तर तो आपोआप सुरू होण्याची यंत्रणा बसवावी. एवढे करूनही कडक उन्हाळ्यात आम्ही दोघे एकाच वेळी लांब जात नाही.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे उंचीवर जाणे: दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते सामान्य समजू नये. पंजे आणि कान कोमट किंवा साध्या पाण्याने ओले करावेत, बर्फ लावू नये, आणि लगेच पशुवैद्य गाठावा.

दार

दाराच्या आत लहान मुलांचा घडीचा कठडा किंवा जाळीचा पडदा लावून दुहेरी दार करावे. सरकत्या पातळ जाळीवर विसंबू नये, मांजर ती डोक्याने ढकलून जाते. बाहेर फिरवायचे तर अंगाला घट्ट बसलेला हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) हवाच. राष्ट्रीय उद्यानांत दोरी सहा फुटांहून लांब चालत नाही. ॲरिझोनात चोया नावाच्या निवडुंगापासून मांजराला दूर ठेवावे. त्याचा काटेरी गोळा अंगाला चिकटला तर बोटांनी ओढू नये, फणी मध्ये घालून झटकावा. कायोटी दिवसाढवळ्याही कॅम्पग्राउंडमधून जातात, त्यामुळे मांजर बांधून आपण आत चहा करायला जाणे हे मला मान्य नाही.

मांजर निसटलेच तर

हरवलेल्या मांजरांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली. म्हणून दूरवर हाका मारत हिंडण्याआधी स्वतःच्या आणि शेजारच्या गाड्यांखाली, चाकांच्या वर, सामानाच्या कप्प्यांत पाहावे. रात्री सगळे निजल्यावर टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून पुन्हा शोधावे. चमकणारे डोळे तेव्हाच दिसतात. शेजाऱ्यांना इंजिन सुरू करण्याआधी खाली पाहण्याची विनंती करावी. आणि आपली गाडी जागची हलवू नये, कारण त्या अनोळखी जागेत मांजराला ओळखीचा वास फक्त तिचाच असतो. सरकारी मोकळ्या जमिनीवर मुक्कामाची १४ दिवसांची मर्यादा संपत आली असेल तर तिथल्या रेंजरला (देखरेखीच्या अधिकाऱ्याला) आधीच भेटून अडचण सांगावी.

लिटर आणि लघवी

लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी लिटर (वाळूसारखे दाणे) घातलेला ट्रे, न्हाणीच्या चौकटीत ठेवावा आणि वापरलेले लिटर गाडीच्या मैल्याच्या टाकीत कधीही टाकू नये. बोक्यांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते, कारण जागा बदलण्याच्या ताणाने त्यांची लघवी अडू शकते. बोका वारंवार लिटरमध्ये जाऊन बसतो, जोर करतो आणि लिटर कोरडेच राहते असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. एकदोन दिवसांत हे जिवावर बेतते. म्हणून नव्या मुक्कामी पोहोचल्यावर पाण्याची नळी जोडण्याआधी मी रात्री उघडा असणारा जवळचा पशुचिकित्सालय शोधते, आणि त्याचा फोन व अंतर फ्रीजच्या दारावर लिहून ठेवते.