व्हीलचेअरवरून फोटो काढताना कॅमेऱ्याला आधार

व्हीलचेअर किंवा मोबिलिटी स्कूटरवर बसून ट्रायपॉड वापरायचा म्हटलं, की त्याचे पाय चाकांच्या आड येतात आणि कॅमेरा हातभर लांब राहतो. त्यापेक्षा खुर्चीच्या फ्रेमलाच क्लॅम्प लावा. फ्रेमची नळी बहुधा 22 ते 25 मिमी जाडीची असते, त्यामुळे फोटोग्राफीचा सुपर क्लॅम्प (नळीला घट्ट पकडणारा चिमटा) तिच्यावर पक्का बसतो. त्यावर छोटा आर्म (जोडदांडा) आणि बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवता येणारा गोल सांधा) लावलं, की कॅमेरा थेट डोळ्यांसमोर येतो. आर्म शक्य तितका आखूड घ्या. लांब आर्म जड लेन्सने हमखास थरथरतो. काढता येणाऱ्या आर्मरेस्टला किंवा जॉयस्टिकजवळ क्लॅम्प नको. वजन एका बाजूला फार बाहेर गेलं तर खुर्ची कलंडू शकते, हे आधी तपासाच.

फोटो घेताना ब्रेक लावा, स्कूटर बंद करा. शटर रिमोटने किंवा 2 सेकंदांच्या टायमरने दाबा, कारण शरीराची हालचाल खुर्चीच्या फ्रेममधून कॅमेऱ्यापर्यंत पोचते.

पक्ष्यांसारखं हलतं काही टिपायचं असेल, तर मला मोनोपॉडच (एकाच पायाचा स्टँड) बरा वाटतो. तो पायांच्या मधे जमिनीवर टेकवा. हातांत फारशी ताकद नसेल, तर मांडीवरच्या ट्रेवर बीनबॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेवून त्यावर लेन्स टेकवा.