स्वमग्न मैत्रिणीचा एकटेपणा हलका करताना

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या शहापुरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली एखादी स्वमग्न (ऑटिस्टिक) स्त्री सगळ्यांशी हसून बोलते, वाण घेते आणि नंतर दोन दिवस खोलीबाहेर येत नाही, तेव्हा तिला माणसेच नकोत असा अर्थ काढू नये. इतरांसारखे दिसण्यासाठी नजर, हसू आणि वाक्ये सतत बेतत राहण्याला ‘मास्किंग’ म्हणतात. त्यात ती थकतेच, शिवाय लोकांना आवडली ती आपण नव्हेच, ही जाणीव तिला भर गर्दीत एकटी ठेवते. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत सावरून बोलावे लागले, तर हे श्रम आणखी वाढू शकतात.

म्हणून बोलावताना ‘या कधीतरी’ असे मोघम म्हणू नये. किती वाजता, किती जणी आणि किती वेळ, हे आधी लिहून कळवावे. लाऊडस्पीकरपासून लांबची जागा निवडावी, आणि ती मध्येच उठली तर ‘राग आला का?’ असे विचारू नये. समोरासमोर गप्पांपेक्षा शेजारी बसून गवार मोडण्यात अनेकदा अधिक जवळीक साधते (गप्पांचे स्तोम आपणच माजवले आहे). आवडीच्या विषयावर ती तासभर बोलली, तर ऐकावे.

मन फारच खचले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलता येते. फोन करणेच अवघड वाटत असेल, तर तिची संमती घेऊन आपण क्रमांक लावून द्यावा आणि शेजारी बसावे.