बॉयलर गुडगुडतोय? आधी रेडिएटरमधली हवा काढा

ब्रिटनमधल्या घरांत बॉयलरने तापवलेलं पाणी पंपाने खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये (भिंतीवरच्या पोकळ धातूच्या पॅनेलमध्ये) फिरतं आणि खोली गरम करतं. उन्हाळ्यानंतर हे हीटिंग पहिल्यांदा लावलं की बॉयलर आणि पाइप गुडगुडायला लागतात. बहुतेक वेळा पाण्यात हवा अडकलेली असते. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला, तर तेच कारण.

१. हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या. पंप चालू असताना रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला हवा सोडायचा स्क्रू सैल केलात तर उलट हवाच आत ओढली जाऊ शकते.

२. तळमजल्यावरच्या, बॉयलरला सगळ्यात जवळच्या रेडिएटरपासून सुरुवात करा. स्क्रूखाली जुनं फडकं धरा (पाणी काळं येतं, कार्पेटवरचा डाग सहजी जात नाही) आणि रेडिएटरची किल्ली (या स्क्रूवर बसणारी छोटी चावी) डावीकडे पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच घट्ट करा.

३. हवा गेली की सिस्टिममधल्या पाण्याचं प्रेशर उतरतं. कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा) गार असताना प्रेशर मीटरचा काटा १ ते १.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) हवा. कमी असेल तर फिलिंग लूपचे (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरणाऱ्या जोडनळीचे) व्हॉल्व्ह हळूहळू उघडून पाणी भरा आणि आठवणीने बंद करा. विसरलात तर ३ बारच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो.

किटली उकळल्यासारखा आवाज असेल तर हवा काढून उपयोग नाही. हीट एक्स्चेंजरवर (बॉयलरमध्ये पाणी तापतं त्या भागावर) क्षार किंवा गाळ बसलेला असतो. लंडनसारख्या जड (क्षारयुक्त) पाण्याच्या भागात हे नेहमीचंच. सिस्टिम फ्लश करून (आतून धुऊन) इनहिबिटर, म्हणजे गंज आणि गाळ रोखणारं रसायन, घालावं लागतं. बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी) यादीत नोंद असलेल्या इंजिनिअरचंच.