मेयोत राहायला आलात? मग हिरवा-लाल रंग ओळखून घ्या

आयर्लंडच्या मेयो काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) कॅसलबार, बॅलिना, वेस्टपोर्टकडे नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), जीपी (नेहमीचा डॉक्टर) आणि भाड्याच्या घराबद्दल सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगते: हिरव्या-लाल रंगात खेळणाऱ्या इथल्या गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) संघाचा इतिहास समजून घ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ओळख वाढवायला याच्याइतकी सोपी वाट मला दुसरी दिसली नाही.

नियम थोडक्यात. एका संघात १५ जण, चेंडू हातानेही खेळतात. जाळ्यात गेला तर ३ गुण, आडव्या दांडीवरून गेला तर १, आणि २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला असेल तर २. खेळाडूंना पगार नाही. काउंटीकडून खेळणारा मुलगा एरवी शाळेत शिकवत असेल किंवा शेती करत असेल.

मेयोने ऑल-आयर्लंड अजिंक्यपद तीनदा जिंकलं: १९३६, १९५० आणि १९५१. शेवटच्या दोन्ही वेळी कर्णधार होते शॉन फ्लॅनगन. त्यानंतर विजेत्याला मिळणारा सॅम मॅग्वायर करंडक इकडे आलेला नाही. १९८९ ते २०२१ या काळात मेयो ११ वेळा अंतिम फेरीत पोहोचून हरला. २०१३, २०१६ आणि २०१७ या तिन्ही वर्षी डब्लिनकडून, तेही एकेका गुणाने. २०१६ च्या पहिल्या सामन्यात दोन स्वयंगोल होऊनही पोरांनी बरोबरी साधली होती. गेला तो फेरसामना. २०२१ मध्ये सलग सहा वर्षं जिंकणाऱ्या डब्लिनला उपांत्य फेरीत हरवलं, आणि अंतिम सामन्यात टायरोनपुढे हार पत्करावी लागली. इतकं सोसूनही दर उन्हाळ्यात घराघरावर झेंडे लागतात. मला या लोकांचा जीव लावणं फार मोठं वाटतं.

शापाची गोष्ट तुमच्या कानावर येईलच. १९५१ चा करंडक घेऊन परतताना संघ फॉक्सफर्डमध्ये एका अंत्ययात्रेसाठी थांबला नाही, म्हणून धर्मगुरूंनी शाप दिला, असं सांगतात. त्या संघातले पॅडी प्रेंडरगास्ट यांनी ती कधी मानली नाही. संघातले हयात असलेले ते शेवटचे खेळाडू, २०२१ च्या सप्टेंबरात वारले. हा विषय आपण होऊन काढू नका, हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नाही.

त्यापेक्षा महिला संघाबद्दल विचारा. १९९९, २०००, २००२ आणि २००३ अशी चार अजिंक्यपदं त्यांनी आणली. त्यांची खेळाडू कोरा स्टॉन्टन हिचं नाव घेतलंत की समोरच्याचा चेहरा खुलतो.

मुलं असतील तर जवळच्या क्लबात नाव घाला. लहानांना आधी खेळ यावा लागत नाही. तुम्हाला मुलांच्या सरावात हातभार लावायचा असेल, तर गार्डा व्हेटिंग (पोलिसांकडून होणारी पूर्वेतिहासाची तपासणी) करून घ्यावं लागतं, त्याचा अर्ज क्लबच देतो. स्वतःही सभासद व्हा. अंतिम सामन्याची बहुतेक तिकिटं क्लबांमार्फतच वाटली जातात, आणि मेयो पुन्हा अंतिम सामन्यासाठी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर पोहोचला की ती मिळणं महाकठीण.