बाबांचा पार्किन्सन अन् मोबाईलवरचा डॉक्टर: कॉल लावायच्या आधी काय काय करायचं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, बाबांना पार्किन्सन (मेंदूचा आजार, अंग थरथरतं, कडक अन् मंद होतं), आणि न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांचे डॉक्टर, नागपूरला. आधी दर दोन-तीन महिन्यांनी पहाटेची एसटी पकडायची, लाईन लावायची, आणि डॉक्टरांपुढे मिळणार दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत बाबा एकदम ताठ बसून म्हणणार, "बेस आहे ना साहेब, काही नाही मले." घरी शर्टाची बटनं लावायला पाव तास लागतो त्या माणसाला! आता बहुतेक भेटी व्हिडिओ कॉलवर होतात, त्यात चुका करून जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी, पहिलं निदान मोबाईलवर करून घेऊ नका. डॉक्टर मनगट-कोपर हलवून किती कडक आहे ते बघतात, मागून खांदे ओढून तोल जातो का बघतात, हे कॅमेऱ्यातून होत नाही. शिवाय चक्करसाठी खेड्यात सर्रास देतात त्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन अशा गोळ्यांनीही अशीच थरथर अन् मंदपणा येऊ शकतो, म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून एकदा सेवाग्रामचं हॉस्पिटल नाहीतर नागपूर गाठाच. तिथेच विचारून घ्या, पुढच्या वेळी व्हिडिओवर बघाल का, कोणत्या नंबरवर, फी किती.

तशी सोय नसेल तर सरकारची ई-संजीवनी आहे, मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलायची सेवा, फुकट. ॲप किंवा वेबसाईटवर मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, पेशंटची माहिती भरून राज्य अन् ओपीडी निवडायची, टोकन मिळतं, नंबर लागला की कॉल. स्मार्टफोन नसेल तर गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी दवाखान्यात) जा, तिथल्या सीएचओ, म्हणजे आरोग्य अधिकारी मॅडम, त्यांच्याकडून कॉल लावून देतात. पण तिथे दरवेळी न्यूरॉलॉजिस्टच भेटेल असं धरून चालू नका, चालू गोळ्या अन् बारीक तक्रारींसाठी मात्र बरी.

आता खरं काम, वही. पार्किन्सनची मुख्य गोळी म्हणजे लेवोडोपा-कार्बिडोपा, ती पोटात गेल्यावर काही वेळानं काम सुरू करते आणि काही तासांत तिचा जोर उतरतो, म्हणजे एकच माणूस आठ वाजता वेगळा आणि अकरा वाजता वेगळा. डॉक्टर बघणार त्यातली दहा मिनिटं, बाकीचा दिवस त्यांना कोण सांगणार? कॉलच्या आधी तीन दिवस लिहा. आमच्या वहीत (कापसाच्या हिशोबाचीच वही, मागची पानं) असं आहे: "७ ला गोळी. पावणेआठला हात मोकळा. साडेदहाला उंबरठ्यावर पाय चिकटले, पुढे काठी आडवी धरली तेव्हा पाऊल उचललं. १ ला जेवण, सोबत गोळी. ३ वाजले तरी फरक नाही." हे वाचूनच डॉक्टर म्हणाले, वरणातलं प्रोटीन गोळीच्या आड येऊन राह्यलं, ती जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. डोस एक मिलिग्रॅम वाढवला नाही, नुसती वेळ सरकवली, आणि दुपार सुधारली. झोप, पोट साफ होतं का, किती वेळा पडले, नसलेली माणसं दिसतात का, हेही लिहा. बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं करून एकदा, मग उभं करून एक अन् तीन मिनिटांनी मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर नक्की सांगा.

मग व्हिडिओ. ऐन कॉलच्या वेळी नेटवर्क जातंच, आणि बाबाही "चांगले" असतात, म्हणून त्रास होतो तेव्हाच अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे काढून ठेवा अन् गोळी किती वाजता घेतली होती ते लिहून आधी पाठवा. मोबाईल आडवा, खुर्चीवर टेकवून, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसला पाहिजे (आम्ही पहिल्यांदा नुसतं तोंड दाखवलं, डॉक्टर म्हणे पाय कुठे आहेत). हात मांडीवर सैल ठेवून बसवा, मग अंगठा अन् पहिलं बोट एकमेकांवर आपटणं, दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा, मूठ उघड-बंद, हाताची घडी घालून खुर्चीवरून उठणं, आणि ओसरीत चालून वळणं. वळताना पाय दिसू द्या, गडबड तिथेच कळते, आणि एक जण बाजूला उभा राहू द्या. त्रास दिसावा म्हणून आपल्या मनानं गोळी चुकवायची नाही.

कॉलला खिडकीकडे तोंड करून बसवा, लाईट जायच्या आधी मोबाईल चार्ज करा, आणि बाबांना बोलू द्या. त्यांचा आवाज बारीक झालाय, तर आपणच सगळं सांगून मोकळे होतो, हे चूक आहे, त्यांचं ऐकून घेऊन मग वही वाचायची. शेवटी डोस आपण मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा, अर्धी गोळी का एक, किती वाजता. कौंचबीज म्हणजे आपल्या खाजकुयलीचं चूर्ण कोणी दिलं असेल तर लपवू नका, त्यात लेवोडोपाच असतो.

उलटीच्या औषधाचं तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. बाबांना उलट्या झाल्या तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस ते लाकडासारखे कडक पडले होते. पार्किन्सनमध्ये हे औषध चालत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

पडून डोक्याला मार लागला, घास-पाणी घशात अडकून राह्यलं, किंवा गोळ्या एकदम बंद पडून ताप अन् भयंकर कडकपणा आला तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका, १०८ लावा.

आणि गोळ्या आठ-दहा दिवसांच्या उरल्या की लगेच मेडिकलवाल्याला सांगा. आमच्याकडे ती स्ट्रिप बाहेरून मागवावी लागते, मागं पोळ्याच्या सुट्टीत अडकली तर शेजारच्या तालुक्यातून मोटरसायकलवर आणली होती.